छेत्री मेस्सीच्या पुढे? तो फॉरवर्ड मेसेज २०२१ चा आहे

मालवण-कुडाळकडच्या ग्रुपांवर परत फिरतंय की भारताचा फुटबॉलपटू सुनील छेत्रीने गोलमध्ये अर्जेंटिनाच्या मेस्सीला मागे टाकलं. अहो, ते खरं होतं, पण जून २०२१ मध्ये, बांगलादेशविरुद्ध दोन गोल मारून तो ७४ वर गेला तेव्हा मेस्सी ७२ वर होता. तेही फक्त देशासाठीचे गोल, क्लबचे नाहीत. पुढे मेस्सीने शंभरी कधीच ओलांडली, आणि छेत्री जून २०२४ मध्ये थांबला तेव्हा ९४ गोल, १५१ मॅचेस. मार्च २०२५ मध्ये परत आला आणि मालदीवविरुद्ध एक मारला, म्हणजे ९५.

हां, समोरच्या टीम बऱ्याचदा लहान होत्या हे खरंय, पण म्हणून ९५ काय फुकटचे होत नाहीत.

त्याच फॉरवर्डमध्ये 'लोकप्रियताही तेवढीच' असं लिहिलंय, ते मात्र साफ चूक. २०१८ मध्ये अंधेरीच्या मैदानात भारताने चायनीज तैपेईला (म्हणजे तैवानला) ५-० हरवलं तेव्हा प्रेक्षक जेमतेम अडीच हजार, शेवटी छेत्रीलाच व्हिडिओ टाकून 'या, हवं तर शिव्या द्या' म्हणावं लागलं, मग पुढची केनियाची मॅच हाऊसफुल्ल. आपल्याकडे गोवा हाकेवर असून किनाऱ्यावर खेळणाऱ्या पोरांच्या पाठीवर बघा, मेस्सीचा दहा नंबर दिसेल, छेत्रीचा अकरा शोधावा लागतो.