वीणा बाईच्या खांद्यावर नव्हती, असं कोण म्हणतं?

गेल्या आठवड्यात आईच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर 'वारकरी भजनाचा खरा इतिहास' असा मेसेज फिरत आला. त्यात तीन गोष्टी ठासून सांगितल्यात. बायकांनी वीणा घ्यायची परंपरा कधीच नव्हती, पेटी तुकोबांच्या काळापासून भजनात आहे आणि बायकांचा आवाज पखवाजावर बसत नाही. तेवढ्यावर सप्ताहातला आईचा पहाटे चार ते सहाचा वीणेचा पहारा, म्हणजे वीणा गळ्यात घेऊन उभं राहायची पाळी, काढून घेतला. फोनवर ती एवढंच म्हणाली, "नसेल आपल्यात तसं."

आहे आपल्यात तसं. घरात सकलसंतगाथा असेल तर जनाबाईचे अभंग काढा.

डोईचा पदर आला खांद्यावरी । भरल्या बाजारीं जाईन मी ॥
हातीं घेईन टाळ खांद्यावरी वीणा । आतां मज मना कोण करी ॥

टाळही आला, वीणाही आली. नामदेवांच्या घरची ही दासी, तिला सातशे वर्षं होत आली. 'मना कोण करी' म्हणते म्हणजे मना करणारे तेव्हाही होतेच, पण परंपरा म्हणून आपण जपला तो तिचा अभंग. मना करणाऱ्यांचं नावसुद्धा उरलं नाही. सप्ताहात सात दिवस वीणा खाली टेकवत नाहीत, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, देताना-घेताना एकमेकांच्या पाया पडतात. आई हे वर्षानुवर्षं करत आली आहे. तिच्या हातून वीणा कधी जमिनीला लागली नाही.

एक मान्य करतो. एका रंगाच्या साड्या, स्पर्धा, नाव नोंदवलेली महिला मंडळं हे अलीकडचं आहे, आणि फडांवर, म्हणजे वारकऱ्यांच्या परंपरागत गटांत, कीर्तनाला बहुतेक पुरुषच उभे राहत आले. पण मंडळ नवं म्हणून बाईचं भजन नवं होत नाही.

पेटीचं काय सांगायचं! तुकोबा सतराव्या शतकातले. हार्मोनियम १८४०च्या आसपास पॅरिसमध्ये झाली, आपल्याकडे त्यानंतर आली. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली तिच्यावर बंदीही घातली होती. म्हणजे जी पेटी खरोखर नंतर आली ती यांना चालते, आणि जनाबाईची वीणा चालत नाही.

राहिला पखवाज. बायकांच्या आवाजाला पेटीवर पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, बदलायची आणि त्या पट्टीचा पखवाज घ्यायचा, एवढंच. आपल्या गावात दर एकादशीला तेच होतं.

सप्ताह बसायला अजून नऊ दिवस आहेत. पहाऱ्यांचा कागद देवळात लागलेला नाही. चार ते सहाच्या पुढे आईचं नाव परत लिहा.