सल्ला द्या, स्वतःचा नको

कोणी सल्ला मागायला आलं तर घाबरू नका. त्याचं म्हणणं ऐकायची गरज नसते. ऐकलं की विचार करावा लागतो, आणि विचार केला की चुकायची भीती. त्यापेक्षा चहा सांगा, डोळे किंचित मिटा आणि "समर्थांनी म्हटलंच आहे..." अशी सुरुवात करा. पुढचं नाही आठवलं तरी समोरचा मान डोलावतोच. सल्ला फसला तर समर्थ बघून घेतील, तुम्ही नुसते पोस्टमन.

थोडा साठा जवळ हवा. नोकरी गेलेल्याला गीता, अध्याय 2, श्लोक 47. त्याचा तीन महिन्यांचा पगार अडकलेला असतो, म्हणजे फळाची आशा तशीही सुटलेलीच असते. रडणाऱ्याला 'जगी सर्व सूखी असा कोण आहे'. हा श्लोक पोटभर जेवून झाल्यावर जास्त छान म्हणता येतो.

2019च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या एका मित्राचा फोन आला. कृष्णेचं पाणी घरात शिरून नुकतंच ओसरलं होतं. विचारत होता, "गाळ आत्ताच काढू, की पंचनाम्याची वाट बघू?" मी म्हटलं, "महापुरे झाडे जाती, तेथे लव्हाळी वाचती." तो बराच वेळ गप्प राहिला. भारावला असणार. त्यानंतर त्याचा फोन नाही, म्हणजे प्रश्न सुटला.

वचन कोणाचं, याची चिकित्सा करू नये. पु. ल. 2000 साली गेले, व. पु. 2001 साली, आणि व्हॉट्सअ‍ॅप आलं 2009 साली. तरी दोघंही त्यावर रोज सकाळी नवं काहीतरी लिहितात. 'तेच तेच करून वेगळ्या निकालाची आशा धरणं म्हणजे वेडेपणा' हे आइनस्टाइन म्हणाल्याचा पुरावा नाही, पण 'शेजारचे काका म्हणाले' असं सांगून कोण ऐकणार? यमक जुळत असेल तर शेवटी बिनधास्त 'तुका म्हणे' टाका. गाथा इंद्रायणीत तरली म्हणतात, आपल्या फॉरवर्डमध्येही तरेल.

त्या सांगलीकराला म्हणे शेवटी गल्लीतल्या वायरमननं सांगितलं, "आधी फोटो काढून ठेवा, मग गाळ काढा. आणि मीटरला हात लावू नका, मी येतो." ना श्लोक, ना अभंग. असलं वाक्य मागे सूर्योदयाचं चित्र टाकून पाठवणार तरी कसं?