सॉक्रेटिस उत्तर देत नाही, म्हणून वाचायचाच नाही?

प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोने लिहिलेले, त्याचा गुरू सॉक्रेटिस ज्यांत प्रश्न विचारत राहतो ते संवाद आज वाचण्यात काही अर्थ नाही, असं सांगणारे मजकूर वरचेवर फिरत असतात. त्यात आक्षेप असतात ते तीन. त्या प्रश्नांचा आपल्या जगण्याशी संबंध उरलेला नाही. सॉक्रेटिस शेवटपर्यंत उत्तर देत नाही. आणि हा सगळा रिकामटेकड्या श्रीमंतांचा उद्योग होता. तिन्ही मला पटत नाहीत.

जगण्याशी संबंध नाही म्हणणाऱ्यांनी ‘लाखेस’ हा छोटा संवाद उघडावा. दोन बाप मुलांच्या शिक्षणाच्या काळजीत आहेत. आमचे वडील मोठे होते, पण नगराच्या कारभारात त्यांनी आमच्याकडे लक्षच दिलं नाही, ही त्यांची खंत. चिलखत घालून लढण्याचं शिक्षण मुलांना द्यावं का, असं ते निसियस आणि लाखेस या अथेन्सच्या सेनापतींना विचारतात. एक म्हणतो द्यावं, दुसरा म्हणतो काही उपयोग नाही. मग सॉक्रेटिसने निर्णायक मत द्यावं, अशी गळ पडते. तो म्हणतो, हे मतं मोजून ठरवायचं नसतं. मुलांच्या मनात काय घडवायचंय ते आधी सांगा. मुलाला कुठल्या क्लासला घालायचं यावर रात्र-रात्र चर्चा करणाऱ्या आईबापांना हा प्रश्न आजही तितकाच अडचणीचा आहे.

उत्तर मिळत नाही, हे खरं. पण हाती काहीच लागत नाही, हे खोटं. पुढे बोलणं शौर्य म्हणजे काय, यावर येतं. लाखेस म्हणतो, रांग न सोडता लढणारा तो शूर. सॉक्रेटिस पर्शियनांविरुद्धच्या प्लाटियाच्या रणांगणाची आठवण देतो: स्पार्टाचे सैनिक तिथे मागे हटले, मग उलटले आणि जिंकले. व्याख्या तिथेच कोसळते. पुढे निसियस सांगतो की ज्योतिषाने फक्त शकुन ओळखावेत. माणसाचं हित कशात आहे, हे ठरवणं त्याचं काम नव्हे. प्लेटोच्या वाचकांना पुढचं ठाऊक होतं. इ.स.पू. 413 मध्ये सिसिलीतल्या सिराक्यूज शहराला अथेन्सच्या सैन्याने वेढा घातला असताना चंद्रग्रहण झालं, याच निसियसने ज्योतिषांचं ऐकून माघार लांबवली आणि ते सैन्य नष्ट झालं. आपलंच म्हणणं आपण ऐन वेळी पाळू का, हे कुठलीही तयार व्याख्या शिकवू शकली नसती.

हा श्रीमंतांचा उद्योग होता, हा आक्षेप अर्धा खरा आहे. सॉक्रेटिसभोवती जमणारी पोरं बहुतेक सधन घरची, आणि त्यांची फुरसत गुलामांच्या कष्टावर उभी. सॉक्रेटिस स्वतः मात्र अनवाणी फिरणारा गरीब माणूस. ‘मेनो’ या संवादात तो एका गुलाम मुलाला विचारतो, या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस कसा काढशील? मुलगा दोनदा चुकतो, अडतो, आणि अखेर कर्णापाशी पोहोचतो. त्या मुलाला प्लेटोने नावही दिलेलं नाही, हे मला खुपतं. ते खुपणंसुद्धा वाचल्याशिवाय येत नाही.

सुरुवात ‘रिपब्लिक’ या लांबलचक संवादापासून करू नका. ‘लाखेस’ किंवा ‘युथिफ्रो’ घ्या. दोन्ही एका बैठकीत वाचून होतात.