सही फक्त ड्रायव्हरची असते

नमस्कार.

रॅलीतल्या सुरक्षा नियमांवरच्या माझ्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया नीट वाचली. ती रागाने लिहिलेली असली तरी खेळावरच्या प्रेमापोटी लिहिली आहे, म्हणून दोन ओळींत उरकणं बरं वाटलं नाही. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं की केज (गाडीच्या आतला पोलादी नळ्यांचा पिंजरा), हान्स (डोकं-मान वाचवणारी चौकट), झिरो कार (स्पर्धकांआधी रस्ता तपासत जाणारी गाडी), मार्शल (रस्त्यावर पहारा देणारे स्वयंसेवक), वायरलेस या सगळ्यात रॅलीचा जीवच गेला. खरी रॅली ग्रुप बीच्या, म्हणजे ऐंशीच्या दशकातल्या त्या अफाट ताकदीच्या गाड्यांच्या काळातली. ड्रायव्हर सही करून गाडीत बसतो, धोका त्याला माहीत असतो, मग इतरांनी त्याची काळजी का वाहायची? आणि शेवटी आपल्याच नाशिकच्या एका रॅलीची आठवण काढून तुम्ही विचारलंत की प्रेक्षक रस्त्यावर आले म्हणून ऐनवेळी स्टेज (बंद रस्त्यावरचा, वेळ मोजला जाणारा टप्पा) रद्द केली, तेव्हा सकाळपासून उन्हात उभ्या राहिलेल्या शेकडो माणसांचं काय?

आधी जिथे आपलं जमतं ते सांगतो. नियमाने थरार मरू शकतो, हे मला मान्य आहे, आणि त्याचं उदाहरण जागतिक मालिकेतच आहे. २०१७ साली स्वीडनमध्ये क्नोन नावाच्या स्टेजवर पहिल्या फेरीत सरासरी वेग ताशी १३७ किलोमीटरच्या वर गेला, म्हणून तिची दुसरी फेरीच रद्द झाली. त्याच वर्षी फिनलंडमध्ये वेग आवरण्यासाठी सरळ रस्त्यावर मध्येच गठ्ठे रचून शिकेन केल्या. फिनलंडचा रस्ता म्हणजे चढाच्या माथ्यावरून गाडी हवेत उडते आणि पलीकडचं वळण दिसायच्या आत तिची दिशा ठरवावी लागते. तिथे माणसाने रचलेल्या अडथळ्यापुढे कचकन ब्रेक मारून वाट काढायची, याने ड्रायव्हरही वैतागले. मलाही ते पटलं नाही. रस्ता जसा आहे तसा वाचायचा आणि तसाच चालवायचा, हा रॅलीचा गाभा आहे. स्टेज फार वेगवान होत असेल तर दुसरा, वळणावळणाचा रस्ता निवडा. रस्त्यात फर्निचर मांडू नका.

पण तुम्ही शिकेनबद्दल लिहिलं नाहीत. तुमचा राग केजवर, हान्सवर आणि झिरो कारवर आहे. ड्रायव्हिंगमध्ये ढवळाढवळ करणारे नियम वेगळे आणि चूक झाल्यावर माणसाचं काय होईल ते ठरवणारे नियम वेगळे. पहिल्या प्रकारचे नियम जितके कमी तितकं चांगलं. दुसऱ्या प्रकारात सूट नको.

हान्स घ्या. हेल्मेटला पट्ट्यांनी जोडलेली आणि खांद्यांवर बेल्टखाली बसणारी ती चौकट. गाडी समोरून आदळते तेव्हा धड बेल्टमुळे थांबतं, पण हेल्मेटसकट डोकं पुढे झेपावतं आणि कवटीच्या तळाशी फ्रॅक्चर होतं. ते डोकं धरून ठेवणं एवढंच हान्सचं काम. २००५ पासून जागतिक रॅलीत ते सक्तीचं झालं. आता सांगा, त्यामुळे कुठलं वळण सोपं झालं? शेजारी बसलेला को-ड्रायव्हर अजूनही वहीतून 'राईट फोर, हंड्रेड, लेफ्ट थ्री, डोन्ट कट' असं, म्हणजे पुढची वळणं, त्यांची तीव्रता आणि मधलं अंतर, वाचत असतो, आणि ड्रायव्हर अजूनही न दिसणाऱ्या वळणावर केवळ त्या आवाजाच्या भरवशावर पाय न उचलता जातो. थरार तिथे आहे. हान्स त्याला स्पर्शही करत नाही.

२०२० च्या माँटे कार्लोत ओट टॅनाकची ह्युंदाई ताशी सुमारे १८० किलोमीटर वेगाने रस्ता सोडून झाडांवरून खाली गेली. तो आणि त्याचा को-ड्रायव्हर मार्टिन यार्वेओया दोघेही चालत बाहेर आले. २०२२ मध्ये त्याच रॅलीत आद्रियां फूर्मोची फोर्ड कड्यावरून खाली कोसळली. तीही जोडी सुखरूप. ते व्हिडिओ जगभर पुन्हा पुन्हा पाहिले गेले. ते पाहताना आपण श्वास रोखतो आणि नंतर टाळ्या वाजवतो. त्या टाळ्या वाजवता येतात त्या केजमुळे.

जोखीम तरीही संपलेली नाही. २००५ मध्ये वेल्समध्ये मार्को मार्टिनची गाडी झाडावर बाजूने आदळली आणि को-ड्रायव्हर मायकेल पार्क गेला. २०२३ च्या एप्रिलमध्ये क्रोएशियात सरावाच्या वेळी कुंपणाचा खांब खिडकीतून आत शिरला आणि क्रेग ब्रीन गेला. तेव्हा 'नियमांनी खेळ गुळगुळीत केला' असं म्हणताना जरा थांबायला हवं.

आता ग्रुप बी. त्या गाड्यांचं मलाही वेड आहे. ऑडी क्वात्रो, पूजो २०५ टी १६, लान्चा डेल्टा एस ४... नुसता आवाज ऐकला तरी अंगावर काटा येतो. १९८२ ला सुरू झालेलं हे पर्व १९८६ ला संपलं, आणि ते कुणा अधिकाऱ्याच्या लहरीने संपलेलं नाही. लोक रस्त्याच्या मधोमध उभे राहायचे आणि गाडी अंगावर आली की बाजूला व्हायचे. काहीजण धावत्या गाडीला हात लावायला बघायचे. १९८६ च्या मार्चमध्ये पोर्तुगालला ज्वाकिम सांतोसची फोर्ड गर्दीत घुसली. तीन प्रेक्षक गेले, तीसहून अधिक जखमी झाले. कंपन्यांच्या संघांनी रॅली तिथेच सोडली. मग २ मे रोजी कोर्सिकात हेन्री टोइवोनेन आणि सर्जिओ क्रेस्तो यांची डेल्टा रस्त्याखाली गेली, पेटली आणि मागे फक्त सांगाडा उरला. आदल्याच वर्षी, त्याच तारखेला, त्याच रॅलीत आत्तिल्यो बेत्तेगा गेला होता. यानंतर बंदी आली नसती तर ही रॅली आज आपल्याला बघायला मिळाली असती का, याचीच मला शंका आहे.

शिवाय पुढे काय झालं तेही बघा. ग्रुप बीनंतर ग्रुप एच्या गाड्या आल्या, ताकदीने कितीतरी कमी. पण सस्पेन्शन आणि टायर सुधारत गेले, आणि काही वर्षांतच त्या गाड्या स्टेजवर जुन्या राक्षसांच्या वेळा गाठू लागल्या. कार्लोस साइन्झ, कॉलिन मॅक्रे, टॉमी मॅकिनेन याच काळातले. मॅक्रेची निळी सुबारू बघून रॅलीच्या नादाला लागलेले कितीतरी जण आपल्या गावात आहेत. बंदीमुळे थरार संपला असता तर ही पिढी आलीच नसती.

आता सहीचा मुद्दा. सगळ्यात महत्त्वाचं मला इथेच सांगायचं आहे. ड्रायव्हर आणि को-ड्रायव्हर सही करतात, अगदी बरोबर. पण स्टेज ज्या रस्त्यावर होते तो रस्ता त्यांचा नसतो. रॅली ऑफ महाराष्ट्र आपल्याकडे झाली तेव्हाही बाहेरून आलेल्या गाड्या आपल्या वाडीवस्तीच्या वाटांवरून धावल्या. पेठ, त्र्यंबक, दिंडोरी, कुठल्याही अंगाला जा. माळावरची मातीची वाट आपल्याला ओसाड दिसते, पण तिच्या दोन्ही बाजूंना पाडे असतात, शेतं असतात, शाळा असते. त्या माणसांनी कुठेही सही केलेली नसते.

मी मार्शल म्हणून जंक्शनवर उभा राहिलेला माणूस आहे. एक प्रसंग सांगतो. पाड्याकडून येणारी पायवाट स्टेजला मिळते त्या तोंडावर मी पट्टी बांधून उभा होतो. झिरो कार नुकतीच गेली होती. एक गृहस्थ मोटारसायकलवर दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या बांधून आले. पट्टीखालून गाडी काढायला लागले. मी आडवा झालो. 'भाऊ, दोन मिन्टांत पलीकडं होतो, डेअरी बंद व्हईल, दूध कुठं ओतू?' त्यांचं अजिबात चुकीचं नव्हतं. लांबून इंजिनचा आवाज येत होता, पण डोंगरात आवाज फसवतो. गाडी पलीकडच्या घळीत आहे की पुढच्याच वळणामागे, ते कानाला कळत नाही. हिशेब साधा आहे. ताशी शंभरने येणारी गाडी एका सेकंदाला जवळपास २८ मीटर कापते. भरल्या किटल्यांची मोटारसायकल मातीचा कठडा चढून रस्ता ओलांडायला पाच-सहा सेकंद घेते. म्हणजे दीडशे मीटर. त्या वळणापासून आमच्या तोंडापर्यंत तेवढं अंतरच नव्हतं. मी त्यांचं हँडल धरून ठेवलं, ते मला बोलत राहिले, आणि गाडी आली नि धुरळा उडवत गेली. पुढच्या दोन गाड्यांनंतर कंट्रोलला विचारून, मोकळीक मिळाल्यावर त्यांना पलीकडे नेलं.

हे सगळीकडे असंच निभावत नाही. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये राजस्थानात बारमेर जिल्ह्यात राष्ट्रीय मालिकेच्या रॅलीत एक मोटारसायकल स्टेजवर आली आणि रॅलीच्या गाडीने तिला धडक दिली. नवरा, बायको आणि मुलगा, तिघेही गेले. रॅली तिथेच थांबवावी लागली. त्या घरातल्या कुणी धोका पत्करण्याच्या कागदावर सही केली होती? म्हणून मला झिरो कार, पट्टी, शिट्टी आणि वायरलेस हे रॅलीच्या थराराआधी लागतात. ते नसतील तर त्या रस्त्यावर रॅली घ्यायचा आपल्याला अधिकारच नाही, असं माझं ठाम मत आहे.

सहीबद्दल आणखी एक. गाडी उलटली की धडधाकट असलेल्याने मागच्या बाजूला त्रिकोण ठेवायचा आणि येणाऱ्या गाडीला 'ओके'चा फलक दाखवायचा. मदत हवी असेल तर लाल 'एसओएस'. लाल फलक दिसला तर मागच्या स्पर्धकाने थांबलंच पाहिजे, नाहीतर त्याच्यावर कारवाई होते. आणि थांबल्याने गेलेल्या वेळेबद्दल त्याला योग्य वेळ बहाल करता येते, म्हणजे माणुसकीपायी कुणी शर्यत हरत नाही. हा नियम मला सगळ्या नियमांत देखणा वाटतो. 'ज्याचं त्याने बघावं' म्हणणाऱ्या खेळात असा नियम आलाच नसता.

राहिला रद्द झालेल्या स्टेजचा प्रश्न. रद्द करणं बरोबरच होतं. २०१७ च्या माँटे कार्लोत पहिल्याच स्टेजवर हेडन पॅडनच्या घसरलेल्या गाडीची धडक बसून एक प्रेक्षक गेला, आणि तो उभा होता ती जागा धोक्याची होती. आपल्याकडेही लोक नेमके वळणाच्या बाहेरच्या अंगाला उभे राहतात, कारण तिथून फोटो चांगला येतो. गाडी घसरली की तिकडेच जाते. आतल्या बाजूच्या उंच दरडीवर, रस्त्यापासून मागे, पाय काढायला वाट असेल अशा ठिकाणी उभं राहावं. स्पर्धकांआधी जाणाऱ्या सुरक्षा गाड्यांना लोक रस्त्यावर दिसले आणि शिट्ट्या वाजवूनही हलले नाहीत, तर स्टेज बंद करण्याखेरीज क्लार्क ऑफ द कोर्सच्या, म्हणजे रॅली चालवणाऱ्या मुख्य अधिकाऱ्याच्या, हातात काही उरत नाही.

पण उन्हात उभ्या राहिलेल्यांबद्दलचा तुमचा राग मला रास्त वाटतो, आणि त्याबाबत मी तुमच्या बाजूने आहे. त्या दिवशी स्टेज रद्द झाली हे कुणी सांगितलंच नाही, लोक तासभर रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिले. आयोजकांनी आधी गावात दवंडी किंवा रिक्षावर भोंगा लावून मराठीत सांगावं, ग्रामपंचायतीच्या फलकावर रस्ता बंद असण्याची वेळ लिहावी, दूध आणि शाळेच्या वेळा विचारूनच वेळापत्रक आखावं. प्रेक्षकांसाठी दरडीवर जागा आखून तिथे पाण्याची सोय आणि एक तरी माणूस भोंग्यासह ठेवावा. हे झालं तर रस्त्यावर येणाऱ्यांची संख्या आपोआप घटेल आणि स्टेज रद्द करायची वेळही कमी येईल. मी हे आयोजकांना लिहून देणार आहे. तुमची हरकत नसेल तर तुमची तक्रार त्यात तुमच्याच शब्दांत घालतो. खाली तसं कळवा.

आणि पुढच्या वेळी मार्शल म्हणून नाव द्या. माणसं नेहमीच कमी पडतात. आदल्या दिवशी प्रशिक्षण असतं, शिट्टी नि जॅकेट मिळतं, आणि गाड्या दिसतात त्या तिकीट काढूनही दिसणार नाहीत इतक्या जवळून.