सोळा तासांत गणित कुठे बसवायचं?

कॉलेजातल्या प्राध्यापकाने संशोधन करावं की नुसतं नीट शिकवावं, हा वाद महाराष्ट्रात दर काही वर्षांनी निघतोच. २०१० साली यूजीसीने बढतीसाठी एपीआयचे, म्हणजे छापलेले पेपर वगैरे मोजून द्यायचे, गुण आणले आणि पैसे भरून पेपर छापून देणाऱ्यांचं फावलं. २०१८ च्या नियमावलीत कॉलेजातल्या शिक्षकांवरची ही सक्ती सैल झाली. ‘सुटलो एकदाचे’ म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते, आणि ‘कॉलेजातलं संशोधन आता बुडालं’ म्हणणारेही. मी अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात गणित शिकवतो. इथून हा वाद वाचताना वाटतं, की निदान गणितापुरती तरी ही वाटणीच चुकीची आहे.

इथून गाडीने जाण्याजोग्या अंतरावर पर्ड्यू विद्यापीठ आहे. गणितज्ञ श्रीराम अभ्यंकर तिथे १९६३ पासून २०१२ पर्यंत, म्हणजे शेवटच्या दिवसापर्यंत, काम करत होते. उज्जैनचा जन्म, ग्वाल्हेरचं शिक्षण, मग मुंबई, मग हार्वर्डला गणितज्ञ झारिस्कींच्या हाताखाली पीएच.डी. आपल्याकडे त्यांचं नाव निघतं ते ‘थोर संशोधक’ म्हणून, आणि ते खरंच आहे. पण १९७८ साली त्यांना शोव्हने पारितोषिक मिळालं ते गणित समजावून सांगणाऱ्या लेखनासाठी. शाळेतल्या बीजगणितात फार मोठी ताकद आहे, असं ते आयुष्यभर मांडत आले.

त्यांचा लाडका विषय मी दरवर्षी वर्गात घेतो. फळ्यावर वर्तुळ काढायचं, त्यावरचा एक बिंदू पक्का धरायचा आणि त्यातून जाणारी रेषा हळूहळू फिरवायची. रेषा वर्तुळाला आणखी एका ठिकाणी छेदते. त्या बिंदूचे निर्देशक रेषेच्या चढावरून काढता येतात. अगदी डावीकडचा बिंदू धरून चढ १/२ घेतला, की ३/५ आणि ४/५ मिळतात, म्हणजे आपला ३-४-५ चा काटकोन त्रिकोण. इथवर अकरावीचा मुलगाही येतो. आता वर्तुळाऐवजी तिसऱ्या घाताचा वक्र घ्या. वक्र कुठे स्वतःलाच छेदत असेल किंवा टोकदार होत असेल, तर त्याच बिंदूतून रेषा फिरवून युक्ती चालते. तसा एकही बिंदू नसेल, अगदी अनंत अंतरावरही, तर कुठूनही रेषा फिरवा, अशी सूत्रं मिळतच नाहीत. का मिळत नाहीत, हे सांगायला लागलं की आपण बैजिक भूमितीच्या, म्हणजे समीकरणांतून आकार अभ्यासणाऱ्या गणिताच्या, दारात उभे असतो. वक्र जिथे स्वतःला छेदतो किंवा टोकदार होतो, असल्या बिंदूंना सिंग्युलॅरिटी म्हणतात. एखादी मूळ संख्या शून्याइतकीच धरली जाते अशा गणितातही पृष्ठभागांवरच्या सिंग्युलॅरिटी सोडवता, म्हणजे गुळगुळीत करून घेता, येतात, हे अभ्यंकरांनी ऐन पंचविशीत सिद्ध केलं. फळ्यावरचं ते वर्तुळ आणि हा शोध एकाच वाटेवर आहेत.

गेल्या सत्रात एका विद्यार्थिनीने विचारलं, ‘त्या टोकावरून रेषा गेली, तर ती वक्राला कितीदा छेदते असं मोजायचं?’ तिला उत्तर नीट देता यावं म्हणून मी घरी बसून ते पुन्हा मांडलं, आणि माझ्याच अडकलेल्या कामातली एक पायरी सुटी झाली. हे सगळ्याच वर्गांत होत नाही. कॅल्क्युलसच्या तिसऱ्यांदा शिकवलेल्या धड्यातून कुणाला शोध लागत नाही. पण शिकवणं बंद केलं असतं, तर हेही झालं नसतं.

मला हे जमतं, कारण वर्गातले माझे आठवड्याचे तास सहा. यूजीसीच्या नियमांत सहायक प्राध्यापकाला प्रत्यक्ष शिकवण्याचे तास १६ आहेत. त्यापलीकडे परीक्षा, कॉलेजाचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या फायली, प्रवेशाची कामं. माझा मावसभाऊ तासिका तत्त्वावर दोन कॉलेजांत गणित शिकवतो. एक तास संपला की एसटी पकडायची आणि दुसऱ्या गावी पोचायचं. त्याला ‘संशोधन करतोस का’ विचारणं मला क्रूर वाटतं, आणि ‘तू नुसता शिकवणारा’ म्हणणं त्याहून क्रूर. एमएस्सीला आमच्यात सगळ्यात तल्लख डोकं त्याचं होतं.

अमेरिकेचं गुणगान करायला मी बसलेलो नाही. इथेही कोर्समागे पैसे घेऊन दोन-तीन ठिकाणी धावणारे अध्यापक आहेत, आणि माझे सहा तास काही अंशी त्यांच्या जिवावर आहेत. हे मला टोचतं. पण एक गोष्ट इथे चांगली रुजली आहे: गणितात पीएच.डी. करणारा मुलगा बहुधा पहिल्याच वर्षापासून पदवीच्या मुलांची सरावाची बॅच घेतो. आपण मात्र संशोधन मोठ्या संस्थांत नेलं आणि पदवीची मुलं कॉलेजांत ठेवली. २००६ साली पुण्यात आयसर ही संशोधन आणि पदवीचं शिक्षण एकत्र चालवणारी संस्था निघाली, तेव्हा ही भिंत थोडी पडली. १९७६ साली अभ्यंकरांनीच पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान ही गणिताची संस्था उभी केली होती. पण तालुक्याच्या कॉलेजातल्या शिक्षकापर्यंत यातलं किती पोचलं?

तेव्हा पेपर मोजणं कमी झालं, ते बरंच झालं. आता सोळापैकी चार तास सेमिनारचे म्हणून धरा. जिल्ह्यातल्या गणिताच्या शिक्षकांनी आठवड्यातून एकदा एका फळ्यापाशी जमावं, एकाने मांडावं, बाकीच्यांनी अडवावं. त्याचे गुण नकोत, अहवालही नको. प्रवासभत्ता द्या, आणि तासिका तत्त्वावरच्यांना त्या चार तासांचेही पैसे द्या.