कोणती स्प्रिंग कापायची म्हणता, भाऊ?

भाऊ, प्रतिक्रिया झणझणीत आहे, पण मुद्द्याची आहे, म्हणून सविस्तर लिहितो. सेकंडहँड .22 रायफलचा ट्रिगर जड लागत असेल तर आधी ट्रिगर ओढायला किती वजन लागतं ते मोजा, आतून साफ करा आणि मग परवानाधारक गनस्मिथकडे न्या, असं मी लिहिलं होतं. तुम्ही म्हणता, स्प्रिंगचे दोन वेढे कापले की काम फत्ते, गनस्मिथचे खिसे कशाला भरायचे?

पण कोणती स्प्रिंग, हे तुम्ही लिहिलंच नाही आणि खरी गोम तिथेच आहे. बोल्टमधली (काडतूस आत ढकलून चेंबर बंद करणाऱ्या दांड्यातली) मोठी स्प्रिंग कापली तर ट्रिगर थोडा हलका होईल, कारण सिअरवर, म्हणजे ताणलेली फायरिंग पिन अडवून धरणाऱ्या तुकड्यावर, दाब तिचाच असतो. पण .22 म्हणजे रिमफायर, तिचा पेटणारा मसाला काडतुसाच्या बुडाच्या कडेत असतो आणि फायरिंग पिनने ती कड नीट चेपावी लागते. मार कमी पडला की काडतूस फुसकं. ते उशिरा पेटूही शकतं, म्हणून नळी टार्गेटकडेच धरून अर्धा मिनिट थांबायचं. दर चार गोळ्यांमागे हा तमाशा कोणाला हवाय? ट्रिगरची छोटी स्प्रिंग कापली तर त्याहून वाईट. सिअर पुरता जागेवर येत नाही, जेमतेम कडेवर अडकतो. बोल्ट जरा जोरात बंद केला की गोळी सुटली.

बरं, जुन्या रायफलीत बऱ्याचदा स्प्रिंगचा दोषच नसतो. वर्षानुवर्षं कपाटात उभी, कोणीतरी शिवणयंत्राचं तेल सोडत राहिलेलं, त्यात आपल्याकडची उन्हाळ्यातली धूळ. सिअरवर पाकासारखा चिकट थर बसतो. शिवाय दस्त्याचं लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि ट्रिगर खाचेत घासतो, हे तर कोणी बघतच नाही.

ऑलिम्पिकवाल्यांचं म्हणाल तर 50 मीटर रायफलच्या ट्रिगरला किमान वजनाची अट नाही, हे खरं. पण ते ट्रिगर मुळातच हलके बनवलेले असतात आणि रायफल भरली जाते ती रेंजवर, हुकूम मिळाल्यावर.

ट्रिगर हलका करायला कंपनीने स्क्रू दिला असेल तर तो जरूर फिरवा, माझी ना नाही. नंतर रिकामी रायफल कॉक करून बोल्ट आपटून बघा, दस्ता रबरी मॅटवर ठोका, सेफ्टी लावून ट्रिगर ओढा आणि मग सेफ्टी काढा. पिन एकदाही सुटता कामा नये. बाकी कापाकापी, घासाघीस गनस्मिथचीच. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 5 मध्ये दुरुस्तीलाही परवाना सांगितलाय.

आता एक करा. बॅगा तोलायचा हुकवाला काटा नागपुरात बर्डीवर सहज मिळतो. मॅगझिन काढा, चेंबर रिकामं बघा, त्यात वापरलेली केस घाला, नाहीतर पिन चेंबरच्या कडेवर आपटते. काट्याचा हुक ट्रिगरला अडकवून ओढा आणि दस्त्यासकट आणि दस्त्याशिवाय, दोन्ही वजनं घेऊन इथे लिहा. फरक मोठा निघाला तर काचपेपर फक्त लाकडाला लागेल.