माँट्रियलचा फसलेला गेम, पुण्याचा फसलेला ट्रेलर

'प्रिन्स ऑफ पर्शिया : वॉरियर विदिन' हा गेम फसलेला आहे, हे मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने बोललो ते कॅनडातल्या माँट्रियलमध्ये. म्हणजे जिथे तो बनला त्याच गावात. फेब्रुवारीची रात्र, बाहेर उणे 22, आणि समोर कॉफीचा मग धरून बसलेले शेजारी. पन्नाशीचे, इथलेच, घरात फ्रेंच बोलणारे. त्यांच्या मुलाने लहानपणी हा गेम रात्र रात्र जागून खेळलेला. बोलून गेलो आणि जीभ चावली. घरी बोलावलेल्या माणसाच्या गावच्या मालाला नावं ठेवणं आपल्याकडे फारसं शहाणपणाचं मानत नाहीत.

त्यांनी खांदे उडवले. "हो, त्या राजपुत्राला त्यांनी उगाच चिडका करून ठेवला," एवढं म्हणून ते हॉकीवर घसरले. मी मनातल्या मनात वादाची तयारी करून बसलो होतो, ती तशीच वाया गेली.

ज्यांनी हा गेम खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 2003 मध्ये यूबीसॉफ्ट या फ्रेंच गेम कंपनीच्या माँट्रियल स्टुडिओने 'सँड्स ऑफ टाइम' काढला. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये आम्ही काळ्या डॉसच्या पडद्यावर जो पांढऱ्या कपड्यांतला प्रिन्स पळवायचो, जॉर्डन मेकनरने 1989 साली केलेला, त्याचाच हा नवा अवतार. गोष्ट राजपुत्र स्वतः सांगतोय अशी रचना. खेळताना तुम्ही दरीत पडून मेलात की तो म्हणायचा, नाही नाही, असं नव्हतं झालं, आणि गोष्ट मागे घ्यायचा. मरण्यालाही कथेत जागा होती. समीक्षक अक्षरशः विरघळले.

मग एका वर्षात, 2004 च्या शेवटी, दुसरा भाग आला, तोच हा 'वॉरियर विदिन'. राजपुत्र आता सात वर्षांनी थोराड झालेला, काळाच्या वाळूशी खेळ केला म्हणून दहाका नावाचा राक्षस त्याच्या मागावर. नाव इराणी पुराणातल्या अझी दहाकावरून उचललेलं. गोड बोलणारा जुना आवाज काढून टाकला आणि दुसरा घोगरा आवाज आणला. पहिल्या भागातली त्याची सोबतीण फराह गायब. तिच्या जागी अंगावर कमीत कमी धातू ल्यालेली शाहदी, आणि पहिल्याच जहाजावरच्या झटापटीत आपला राजपुत्र तिला शिवी हासडतो. पार्श्वभूमीला गॉडस्मॅक या बँडचं हेवी मेटल. मोनिका बेलुचीचा आवाज सम्राज्ञी कायलीनाला दिला होता, पण तोही त्या रक्ताच्या चिळकांड्यांत बुडाला.

गंमत अशी की समीक्षकांनी त्याला नापास केलंच नाही. गुण शंभरात ऐंशीच्या वरच राहिले. दोन हातांत दोन तलवारी घेऊन केलेली लढाई, भिंतीवरून पळणं, एकच बेट भूतकाळात आणि वर्तमानात दोनदा पाहायला लावणारी बांधणी, या सगळ्याचं कौतुक झालं. टीका झाली ती स्वभावावर. शिवाय त्याच त्याच वाटांनी पुन्हा पुन्हा जावं लागणं, आणि सेव्ह केलेला खेळच अडकवून टाकणारे बग. खुद्द मेकनरने, ज्याचा या भागात हात नव्हता, पुढच्या वर्षी उघड सांगितलं की यातली कलादृष्टी आणि हिंसा आपल्याला रुचली नाही.

आम्ही मात्र त्या गेमवर जीव टाकला होता.

पुण्यात हॉस्टेलवर चौघांत एक कॉम्प्युटर. ग्राफिक कार्ड नाही, मदरबोर्डवर जे असेल ते. गेम सुरू करायला गेलं की पडदा काळा. मग कुणीतरी 'थ्री-डी ॲनालाइझ' नावाचं एक छोटं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर आणलं. त्यात खूण करायच्या चौकटींची रांगच रांग. कोणती खूण केली की पाणी दिसतं, कोणती केली की पाणी जातं पण वेग येतो, हे एका वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेलं. शेवटी गेम चालला, पण दहाका पाठीशी लागला की सगळं गोगलगायीच्या चालीने व्हायचं. त्यामुळे आमच्यापैकी एकाही माणसाला तो पाठलाग कधी अवघड वाटला नाही! राक्षसाची सोंड हळूहळू येतेय, आपण हळूहळू उडी मारतोय. दहाकाला पाणी ओलांडता येत नाही, म्हणून पाण्याच्या पडद्यापलीकडे गेलं की सुटका. आणि आमच्या मशीनवर तो पाण्याचा पडदाच दिसायचा नाही. खोलीतले तिघे ओरडायचे, "थांब, आता पाणी आलं!"

दोन महिन्यांपूर्वी तोच गेम इथे धड मशीनवर पुन्हा खेळलो. पाठलाग सुरू होतो तेव्हा चित्रातले रंग उडतात, कॅमेरा समोरून मागे वळतो आणि गिटार सुरू होतं, तेव्हा छातीत अजूनही धडधडलं. बाकीचा खेळ खेळताना मात्र समीक्षकांची टीका ओळीने आठवत गेली आणि त्यातली एकही खोडून काढता आली नाही. संवाद तर असे की कॉलेजच्या एकांकिकेतही कुणी दिग्दर्शक चालवून घेणार नाही. यूबीसॉफ्टनेही ती टीका ऐकली होती. 2005 च्या तिसऱ्या भागात जुना आवाज परत आला, फराह परत आली, आणि दुसऱ्या भागातला सगळा राग राजपुत्राच्या आत दडलेला एक वेगळा काळा राजपुत्र करून बाजूला काढला. चूक पुसून टाकण्याऐवजी तिलाच पात्र बनवलं. मला ही या सगळ्या प्रकरणातली सर्वांत हुशार गोष्ट वाटते.

आता या सगळ्यात तेव्हा कुणी काय म्हणालं नाही ते सांगतो. कॅनडातल्या लोकांना गोष्ट सांगता येत नाही, असं कुणी म्हणालं नाही. स्वस्तात काम करून घेतलं की असंच होणार, असंही नाही. खरं तर म्हणायला जागा होती. माँट्रियल ज्या प्रांतात आहे त्या क्वेबेकचं सरकार गेम कंपन्यांना पगाराच्या खर्चातला वाटा करसवलतीतून परत देत आलंय, गेम फ्रेंचमध्येही काढला तर 37.5 टक्क्यांपर्यंत. यूबीसॉफ्ट 1997 मध्ये पॅरिसहून इथे आली ती अशाच अनुदानाच्या बोलीवर. म्हणजे माँट्रियलही एका अर्थाने स्वस्तातलंच होतं. 2014 मध्ये इथेच बनलेल्या 'असॅसिन्स क्रीड युनिटी' या गेममध्ये माणसांचे चेहरे गायब होऊन नुसते डोळे आणि दात हवेत तरंगत होते. जगभर हसं झालं, कंपनीने माफी मागितली. तरी ते हसं कंपनीचं झालं, क्वेबेकचं नव्हे.

आणि 2020.

त्या सप्टेंबरमध्ये 'सँड्स ऑफ टाइम'च्या नव्या आवृत्तीचा ट्रेलर आला. काम पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे. पुण्याचा स्टुडिओ आधी गेमलॉफ्ट या कंपनीचा, 2008 मध्ये यूबीसॉफ्टने घेतलेला, आणि इतकी वर्षं बरंचसं काम दुसऱ्यांच्या गेमना हातभार लावण्याचं. इतकं मोठं नाव भारतातल्या टीमच्या हाती आलं म्हणून मी ऑफिसमध्ये जेवणाची सुट्टी पुढे-मागे करून तो ट्रेलर लावला. चेहरे मेणाचे. प्रकाश सपाट. राजपुत्र दहा-पंधरा वर्षं उशिरा आल्यासारखा. वाईट होता, यात काही शंका नाही.

शेजारच्या टेबलावरचा सहकारी वाकून बघत सहज म्हणाला, "तुमच्याकडचं काम ना हे?" तुमच्याकडचं. मी कोथरूडमध्ये वाढलो, पण त्या स्टुडिओच्या फाटकातही कधी गेलेलो नाही. तरी कान तापले. मग कान तापले म्हणून स्वतःचाच राग आला. त्या कामाच्या दिग्दर्शकाचं नाव चांगलं फ्रेंच होतं, हे त्याला सांगायचं मला रात्री भांडी घासताना सुचलं.

घरच्या ग्रुपवर तोवर दोन तट पडले होते. एक म्हणे, आपल्या पोरांनी केलंय, पाय ओढायची मराठी माणसाची खोड जाणार नाही. दुसरा म्हणे, नाक कापलं, आपल्याला कॉपी-पेस्टपलीकडे काय येतं. एक काका, ज्यांनी पत्त्यांच्या सॉलिटेअरपलीकडे गेम पाहिलेला नाही, त्यांनी खेकड्यांच्या टोपलीची गोष्ट टाकली. (ती टाकल्याशिवाय आपला कोणताही वाद पूर्ण होत नाही.) तीनशे मेसेजमध्ये चेहऱ्यांवरच्या प्रकाशाबद्दल एक अक्षर नव्हतं. दोन्ही तटांना मान्य असलेली गोष्ट एकच होती, की इथे परीक्षा भारताची चाललीय. माझ्या त्या सहकाऱ्याचंही तेच म्हणणं होतं! तो गोरा आणि खेकडेवाले काका यांचं इतकं एकमत मी दुसऱ्या कशावर पाहिलेलं नाही.

त्या ट्रेलरच्या तीन आठवडे आधी 'राजी' नावाचा गेम आला होता. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स नावाच्या चिमुकल्या कंपनीचा. भावाला शोधत निघालेली डोंबाऱ्याची पोर, पहाडी लघुचित्रांसारखी दृश्यं, डोळ्यांचं पारणं फिटावं असं. बाहेरच्या समीक्षकांनी चित्रांची मनापासून तारीफ केली आणि लढाई ठोकळेबाज आहे, शेवट अर्ध्यात तोडलाय, हेही तितक्याच मनापासून लिहिलं. आमच्या ग्रुपवर मी हेच दुसरं वाक्य टाकलं तर उत्तर आलं, "तिकडे बसून बोलणं सोपं असतं." म्हणजे ऑगस्टमध्ये आपला म्हणून गप्प बसा, आणि सप्टेंबरमध्ये आपला म्हणून लाज बाळगा.

तिकडे बसून बोलणं सोपं असतं हे मला मान्य आहे. मला इथे टीका करताना काही गमवावं लागत नाही. शेजाऱ्यांना खांदे उडवणं परवडतं, कारण त्यांच्या गावात एक गेम फसला तर पुढच्या वर्षी दुसरा येणार हे त्यांना ठाऊक आहे. 'सँड्स ऑफ टाइम'च्या पुढच्या भागासाठी केलेली खटपट पुढे 'असॅसिन्स क्रीड' ही वेगळीच गेममालिका होऊन बसली, इतकी इथे पाळं खोल गेलीत. शिवाय इथली माणसं काही संत नाहीत. कंपनीत नोकऱ्या कापल्या गेल्या की इथल्या पेपरांतही सुरू होतं, आमच्या करातून या फ्रेंच कंपनीला किती पोसायचं, आणि ते वाद चांगलेच कडू असतात. फक्त ते पैशावर होतात. आमची अक्कल किती, यावर नाही.

पुण्याला मात्र पहिल्याच डावात बाद ठरवलं. गेम आधी मार्च 2021 पर्यंत ढकलला, मग बेमुदत, आणि मे 2022 मध्ये काम माँट्रियलकडे दिलं. माँट्रियल, म्हणजे 'वॉरियर विदिन'वाल्यांकडे! त्यांच्याही हातून तो बाहेर आला नाही. 2026 च्या जानेवारीत रद्दच केला. पुण्याला जमलं नाही म्हणून जे इथे आणलं ते इथेही तडीला गेलं नाही, यावर ग्रुपवर एक मेसेज आला नाही. खेकडेही आले नाहीत.

माझा भाचा पुण्यात थ्री-डी ॲनिमेशन शिकतो. त्या दिवसांत तो बारावीत होता आणि त्याच ट्रेलरवरून घरी ऐकून घ्यायचा, "यात करिअर करणार तू?" हल्ली तो मला त्याची कामं पाठवतो. गेल्या महिन्यात एक विहीर पाठवली, पायऱ्यांची, शेवाळलेली. मी "मस्त रे" लिहिलं. त्याने लगेच फोन केला.

"मामा, मस्त म्हणू नकोस. पाणी बघ. पाण्यात आकाश दिसतंय, पण वर छत आहे ना."

मला दिसलंच नव्हतं. पाण्याच्या बाबतीत माझी नजर हॉस्टेलपासूनच कच्ची.

मग म्हणाला, तुझ्या तिथे ती बिल्डिंग आहे ना, फोटो पाठव. सेंट लॉरेंट रस्त्यावर, माइल एंडमध्ये, विटांची जुनी कपड्यांची फॅक्टरी आहे, त्यात यूबीसॉफ्ट बसते. घरापासून वीस मिनिटं. रविवारी बेगल आणायला गेलो तेव्हा पलीकडच्या फुटपाथवर उभा राहून फोटो काढला. फाटकापाशी मळलेल्या बर्फाचा ढीग, दाराशी सिगारेट ओढणारी दोन पोरं, एकाच्या पायात बर्फातही कॅनव्हासचे बूट.

आल्यावर शेजाऱ्यांनाही दाखवला. ते म्हणाले, "पा पीर." शब्दशः अर्थ 'याहून वाईट नाही', पण क्वेबेकमध्ये ही चांगलीच शाबासकी असते. समजायला मला तीन वर्षं लागली होती. खरं तर पुण्यात वाढलेल्या माणसाला लागायला नकोत.

भाच्याचं उत्तर रात्री आलं : "बरी आहे. विटांचं टेक्श्चर रिपीट होतंय."